बटवड्यापासून खात्यापर्यंत : बाईच्या मजुरीची वाट

भाकरी-कालवण उरकलं असेल, गुरांना पाणी दाखवून झालं असेल, तर दोन घटका बसा. आज पैशाची गोष्ट आहे. कर्जाची नाही आणि बचतीचीही नाही, ती आपण दर महिन्याच्या बैठकीत करतोच. आजची गोष्ट मजुरीची. घाम गाळून मिळवलेला पैसा बाईच्या हाती पोचायला कुठल्या कुठल्या वाटांनी आला, त्याची.

हा विषय निघाला आमच्या मसाला केंद्रात. गटातल्या चौदा जणी तिथे मिरची निवडतात, भाजतात, कांडतात, पाकिटं भरतात. पूर्वी महिनाअखेरीला वहीत सही किंवा अंगठा घेऊन आम्ही रोख पैसे देत होतो. मग बैठकीत ठरलं, की यापुढे प्रत्येकीची मजुरी तिच्या खात्यात जमा करायची. ठराव झाला, टाळ्या वाजल्या. आणि तिसऱ्याच महिन्यात एक मावशी म्हणाल्या, "ताई, रोख होते तेच बरं होतं." का, ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. पुढच्या महिन्यापासून त्या कामाला यायच्या बंद झाल्या.

कारण आम्हाला फार उशिरा कळलं. ते शेवटी सांगतो. आधी जरा मागे जाऊ, म्हणजे ते कारण नीट समजेल.

गिरणीचा पगार आणि पोस्टमन

आपल्यापैकी किती तरी जणींचे आजे-पणजे मुंबईच्या गिरणीत होते. कोकणातून, साताऱ्याहून, घाटावरून माणसं गेली. तिकडे पगार झाला, की इकडे पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा. आपल्या देशात टपालाची मनीऑर्डर सुरू झाली १८८० साली. खाली दोन ओळींची जागा असायची, त्यात खुशाली. वाचता येत नसेल, तर पोस्टमनच वाचून दाखवायचा. पैसे उंबऱ्यावर, अंगठा देऊन, घरच्या बाईच्या हातात मोजून मिळायचे. पैसा कमावलेला नवऱ्याचा, पण हातात घेऊन खर्च करणारी ती.

तिकडे गिरणीत मात्र पगाराचं रडगाणं होतं. पगार आठवडे न् आठवडे मागे राहायचा. उशीर झाला दंड, कापड बिघडलं दंड. तोवर वाण्याचं, खानावळीचं उधार. १९२९ साली व्हिटली साहेबांच्या अध्यक्षतेखाली कामगारांच्या परिस्थितीची चौकशी करायला आयोग नेमला गेला, १९३१ साली त्याचा अहवाल आला, आणि पुढे १९३६ साली वेतन देण्याबाबतचा कायदा झाला. त्यात काही साध्या गोष्टी लिहिल्या होत्या. पगाराचा काळ एका महिन्यापेक्षा मोठा नको. हजारापेक्षा कमी कामगार असतील, तर महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत पगार द्यायचा, जास्त असतील तर दहाव्या दिवसाच्या आत. मन मानेल तसा दंड कापायचा नाही. आणि पगार द्यायचा तो चालू नाण्यांत किंवा नोटांत.

मैत्रिणींनो, ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. आज आपण रोख पैसे म्हणजे जुनी रीत समजतो. पण त्या काळी रोख मिळणं हाच हक्क होता. धान्याच्या रूपात नको, दुकानाच्या चिठ्ठीवर नको, माझी मजुरी माझ्या हातात वाजवून द्या, हे कायद्यानं मान्य केलं.

पुढे १९७६ साली त्या कायद्यात बदल झाला. कामगारानं लेखी संमती दिली, तर धनादेशानं किंवा बँक खात्यात पगार देता येईल असं ठरलं. म्हणजे विचारायचं कामगाराला. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटबंदी झाली आणि २०१७ साली कायद्यात पुन्हा बदल झाला. आता खात्यात पगार देण्यासाठी ती लेखी संमती लागेनाशी झाली. कागदावर छोटासा फरक. पण "तुला पैसे कसे हवेत?" हा प्रश्न त्यातून गळाला. आमच्या केंद्रातही नेमका तोच गळाला होता.

बहात्तरचा दुष्काळ आणि बटवडा

आता आपल्या गावाकडे येऊ. १९७२ चा दुष्काळ आपल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांनी पाहिला. विहिरी आटल्या, जनावरं दावणीवरून सोडून दिली, माणसं सुकडीवर दिवस काढू लागली. त्या काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची ही कल्पना. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात आधी लहान प्रमाणावर तिचा प्रयोग झाला होता. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ती राज्यभर आली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम हा कायद्यानं हक्क झाला. देशात असं करणारं आपलं राज्य पहिलं. त्यासाठी पैसा उभा करायला १९७५ साली व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून तो कापला जायचा आणि इकडे आपल्या पाझर तलावावर खर्च व्हायचा.

या कामांवर बाया मोठ्या संख्येनं होत्या. खडी फोडली, माती वाहिली, नालाबांध घातले, रस्ते केले. बाई आणि बाप्या यांच्या कामाचा दर एकच होता. शेतावर बाईला कमी आणि गड्याला जास्त अशी रीत असताना इथे मापाला मजुरी होती.

आमच्या गटातल्या एका आजींनी सांगितलेली आठवण ऐका. त्या तेव्हा नुकत्याच सासरी आलेल्या. कामावर मस्टर असायचं, मुकादम हजेरी मांडायचा. आठ-पंधरा दिवसांनी बटवडा. कारकून पेटी घेऊन झाडाखाली बसायचा, नाव पुकारायचा. आजी म्हणाल्या, "नाव माझं पुकारलं, अंगठा मी दिला, आन् पैसं सासऱ्यानं घेतलं. मला त्यात काही वंगाळ वाटलं न्हाई. सगळ्यांचं तसंच हुतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पर एक डाव सासरे आजारी हुते. त्या दिवशी पैसं माझ्या हातात आलं. मी ते पदरात बांधलं आन् घरापत्तर पदर सोडला न्हाई."

बटवड्यात आणखी एक दुखणं होतं. हजेरी मांडणारा, माप घेणारा आणि पैसे वाटणारा, सगळे एकाच झाडाखाली. मस्टरवर खोटी नावं घुसवणं, अंगठा एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, असे प्रकार सोपे होते. ज्याला अक्षर वाचता येत नाही, तो काय भांडणार?

खातं आलं, पण कुणाचं?

बँका आपल्यासाठी नव्हत्याच मुळी. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँका सरकारच्या मालकीच्या झाल्या आणि हळूहळू तालुक्याला, मोठ्या गावाला शाखा दिसू लागल्या. १९७५ साली ग्रामीण बँका निघाल्या. त्याच साली मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. गिरणी कामगारांना डबे घालणाऱ्या खानावळवाल्या बायांना त्यांनी सावकाराकडून सोडवून बँकेच्या दारात उभं केलं. १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकेला जोडण्याचं काम हाती घेतलं. आपण सगळ्या त्याच वाटेनं आलो.

आणि म्हसवडची गोष्ट तर आपल्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. चेतना गाला सिन्हा यांनी तिथल्या बायांना घेऊन बँक काढायचं ठरवलं. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण पुढाकार घेणाऱ्या बाया अंगठेबहाद्दर होत्या. बायांनी अक्षरं गिरवली, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी ठेवून गेल्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

२००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला. २ फेब्रुवारी २००६ पासून तो २०० जिल्ह्यांत सुरू झाला आणि १ एप्रिल २००८ पासून ग्रामीण भारतभर. त्याच २००८ साली ठरलं, की मजुरी झाडाखाली वाटायची नाही, बँक किंवा पोस्टाच्या खात्यातच जमा करायची. विचार सरळ होता. काम मोजणारा वेगळा आणि पैसे देणारा वेगळा असला, की मधल्या मधे खाणं अवघड होतं.

पण खाण्याची एक वाट बंद झाली, तसा दुसरा घोर सुरू झाला. पोस्ट पाच-सात कोस लांब. पैसे आले की नाही, हे बघायला एक रोज बुडायचा. जॉबकार्ड कुटुंबाचं, म्हणून खातंही कुटुंबाचं, आणि कुटुंबाचं म्हणजे कर्त्या पुरुषाचं. पंधरा दिवस उन्हात माती वाहिली बाईनं आणि पैसे पडले नवऱ्याच्या खात्यात. आजींच्या वेळी निदान तिचं नाव पुकारलं जायचं.

मजुरी पंधरा दिवसांत मिळायला हवी असं त्या कायद्यात होतं. पुढे त्याला दंडही जोडला गेला. सोळाव्या दिवसापासून, थकलेल्या रकमेवर रोज ०.०५ टक्के भरपाई. म्हणजे हजार रुपये अडकले, तर दिवसाला ५० पैसे. हसू नका. रक्कम लहान असली, तरी उशीर हा गुन्हा आहे हे त्यातून मान्य झालं.

आधार आणि हरवलेली मजुरी

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार वाटप झालं. पहिला क्रमांक मिळाला एका आदिवासी पाड्यावरच्या बाईला. १ जानेवारी २०१३ पासून सरकारी योजनांचे पैसे थेट खात्यात देण्याची सुरुवात झाली. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना आली, शून्य रकमेवर खाती उघडली, आणि लाखो बायांच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचं पासबुक आलं. २०२४ साली लाडक्या बहिणीचे १,५०० रुपये आले, तेव्हा बँकेपुढच्या रांगा आपण सगळ्यांनी पाहिल्या. ते पैसे बाईच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यातच पडायचे. नवऱ्याचं खातं चालत नव्हतं. हा मोठा बदल झाला.

पण इथे एक खाचखळगा आहे, तो समजून घ्या. पैसे खात्यात दोन रीतींनी येतात. एक, खाते क्रमांक आणि बँकेचा कोड देऊन. दुसरी, आधार क्रमांकावरून. दुसऱ्या रीतीत पैसे जातात ते आधारला सगळ्यात शेवटी जी बँक जोडली गेली असेल, तिथे. तुमच्या हातात कुठलं पासबुक आहे, हे यंत्राला माहीत नसतं.

शेजारच्या गावातल्या एका ताईंची तीन आठवड्यांची मजुरी अशीच हरवली. विहिरीच्या कामावर होत्या. रोजगार सेवक म्हणे, "पैसे गेलेत, संगणकावर दिसतंय." बँक म्हणे, "आमच्याकडे आले नाहीत." चार महिने दोन्हीकडे खेपा. घरचे म्हणू लागले, तूच कुठे तरी उडवलेस. शेवटी आमच्यातल्या दोघी सोबत गेल्या आणि आधार कुठे जोडलंय ते आधी बघा म्हणून अडून बसल्या. निघालं काय, तर काही वर्षांपूर्वी गावात एक शिबिर झालं होतं, कर्जासाठी म्हणून दुसऱ्याच एका बँकेत खातं उघडलं होतं. त्याचं पासबुक कधी मिळालंच नव्हतं. पैसे तिथे जाऊन बसले होते. चोरी कुणीच केली नव्हती, पण चार महिने चोर ठरली ती बाई.

स्वतःच्या खात्यानं काय होतं

मग हे सगळं कशासाठी, असं कुणी म्हणेल. त्यावर मध्य प्रदेशातला एक अभ्यास सांगतो. रोहिणी पांडे, एरिका फील्ड आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर मध्य प्रदेशातल्या १९७ ग्रामपंचायतींत तो केला. काही गावांत बायांना स्वतःच्या नावाचं खातं दिलं, ते कसं वापरायचं हे शिकवलं, आणि रोजगार हमीची मजुरी थेट त्याच खात्यात जमा होईल अशी व्यवस्था केली. या तिन्ही गोष्टी मिळालेल्या बाया पुढे जास्त काम करू लागल्या, आणि ते फक्त सरकारी कामावरच नाही. नुसतं खातं उघडून दिलं तिथे असा फरक पडला नाही.

हे वाचलं तेव्हा आम्ही एकमेकींकडे बघितलं. खातं आम्ही दिलं होतं. पैसे जमा करत होतो. शिकवलं मात्र काहीच नव्हतं.

आमची चूक

आता त्या मावशींकडे येऊ. चार महिन्यांनी आम्ही त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. घरातली माणसं शेतात गेल्यावर मावशी बोलल्या. रोख मिळायचे तेव्हा त्या घरी दोनशे रुपये कमी सांगायच्या. ते दोनशे मुलीच्या शिवणक्लासची फी. नवऱ्याला क्लास मंजूर नव्हता. खातं उघडताना मोबाईल नंबर दिला नवऱ्याचा, कारण घरात फोन एकच. मजुरी जमा झाली, की नवऱ्याच्या फोनवर पूर्ण रकमेचा संदेश. पहिल्याच महिन्यात घरात भांडण झालं. दुसऱ्या महिन्यात कार्ड त्याच्याकडे गेलं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी आम्हाला सांगायचा प्रयत्न केला. आम्ही हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसलो होतो.

मुलीचा क्लास तोवर सुटला होता. ते काही आम्हाला भरून देता आलं नाही.

मावशी आता पुन्हा कामाला येतात. त्यांच्या खात्याला त्यांचा स्वतःचा नंबर आहे. साधा बटणांचा फोन त्यांनी मजुरीतूनच घेतला. बँकेत जाऊन जुनं कार्ड बंद केलं, नवं घेतलं, त्याचा आकडा फक्त त्यांना ठाऊक. आणि आम्ही आमची रीत बदलली. कुठल्याही गटानं केंद्र चालवायला घेतलं, तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, प्रत्येकीला एकटीला बसवून विचारायचं, पैसे कसे हवेत. चारचौघींत नाही आणि घरच्यांसमोर तर नाहीच. एखादीला काही महिने रोख हवे असतील, तर रोख. वहीत दोन्हींची नोंद सारखीच होते.

दुसरी, खातं तिच्या एकटीच्या नावाचं आणि फोन नंबर तिचा. नवऱ्याच्या, मुलाच्या किंवा जावेच्या खात्यात मजुरी पाठवायची नाही, तिनं स्वतः सांगितलं तरी. पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का, ते बघायचं.

तिसरी, आकडे दोघींनी तपासायचे. एकीनं वाचायचे, दुसरीनं ताडून बघायचे. पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, एक आकडा चुकला की भलत्याच्या खात्यात. बँकेचा कोड अकरा अक्षरांचा असतो, पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, ते इंग्रजी 'ओ' नव्हे, आणि पुढची सहा शाखेची. बँका एकमेकींत विलीन झाल्यावर जुने कोड बंद पडले. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बडोदा बँकेत गेली, तिचं जुनं पासबुक अजूनही किती तरी घरांत आहे. त्यावरचा कोड लिहून द्याल, तर पैसे परत येतील.

चौथी, पहिल्यांदा प्रत्येकीच्या खात्यात फक्त एक रुपया पाठवायचा. तिनं स्वतः जाऊन पासबुकावर छापून आणायचा. तो एक रुपया दिसला, की मगच पुढचा पगार. आमच्यातल्या दोघी त्या एका रुपयासाठी आयुष्यात पहिल्यांदा एकट्या बँकेत गेल्या.

पाचवी, तारीख पाळायची. ३० ला हजेरी बंद. अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या झाल्याशिवाय यादी बँकेत जात नाही. ५ तारखेपर्यंत पैसे जमा, ७ तारखेला बघायचं, कुणाचे परत आले का. आले असतील, तर त्याच दिवशी तिला सांगायचं. तिनं विचारायची वाट बघायची नाही.

सहावी, प्रत्येकीला चिठ्ठी. किती दिवस, काय दर, उचल किती कापली, हातात किती. वाचता येत नसेल, तिला बाजूला घेऊन वाचून दाखवायची. खात्यात पैसे आले म्हणजे हिशेब कळला, असं होत नाही.

आणि वर्षातून दोनदा तरी खातं वापरायचं. दोन वर्षं देवघेव नसेल, तर बँक खातं निष्क्रिय करते. बँक सखीकडे अंगठा लावून पैसे काढाल, तेव्हा पावती घ्या. यंत्र चाललं नाही म्हणून पुन्हा अंगठा लावायला सांगितलं, तर आधी पैसे कापले गेले नाहीत ना, ते विचारा.

मैत्रिणींनो, १९३६ साली कायद्यानं रोख दिले, कारण मजुराच्या हातात पैसा पडावा. २००८ साली खातं आणलं, तेही त्यासाठीच. त्या आजींनी एक दिवस पदरात पैसे बांधून घर गाठलं होतं. आता पदराच्या जागी पासबुक आलं आहे. तुमचं पासबुक आज कुठे आहे, कुणाच्या पेटीत, आणि त्याला फोन नंबर कुणाचा आहे, एवढं आज रात्री झोपण्याआधी बघून ठेवा. काही अडलं, तर पुढच्या बैठकीत या, सोबत बँकेत जाऊ.